नगर ते देवगिरी: एक मुक्काम, दोन दिवस

सुट्ट्या तोंडावर आल्या की मला हमखास एक विचारणा होते. "सर, घरच्यांसाठी स्वतंत्र गाडी करतोय. एक मुक्काम धरलाय. वेरूळ, अजिंठा, दौलताबाद, मकबरा, घृष्णेश्वर, जमलं तर पैठण, आणि येताना शिंगणापूर. बसेल ना दोन दिवसांत?" मी म्हणतो, बसेल. पण परत आल्यावर आजींना विचारा काय पाहिलं म्हणून. त्यांना ढाब्यावरची पिठलं-भाकरी आठवेल आणि कुठल्या तरी पायऱ्या आठवतील.

त्या यादीतलं पहिलं नाव खोडा, अजिंठा. अजिंठा वाईट म्हणून नव्हे. ते संभाजीनगरच्याही पुढे शंभर किलोमीटरवर आहे आणि तिथल्या चित्रांना अख्खा दिवस लागतो. त्यासाठी वेगळी सहल काढा, फर्दापूरला मुक्काम करा. आणखी एक गोष्ट कॅलेंडरवर लिहून ठेवा. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळ लेणी मंगळवारी. शनिवार-रविवारची गर्दी नको म्हणून सोमवारी संध्याकाळी निघणारी शहाणी माणसं मंगळवारी सकाळी वेरूळच्या बंद फाटकासमोर उभी असलेली मी पाहिली आहेत.

मग एका मुक्कामात पाहायचं तरी काय? माझं सुचवणं असं की सहलीची सुरुवात आपल्याच नगरात करा आणि शेवट देवगिरीवर, म्हणजेच दौलताबादच्या किल्ल्यावर करा. त्याला कारण आहे. 1490 साली निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमदनं भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केला आणि पुढे चार-पाच वर्षांत तिथंच शहर वसवलं. जागा निवडली ती जुन्नर आणि दौलताबाद यांच्या साधारण मधोमध. जुन्नर त्याच्याकडे होतं, दौलताबादवर डोळा होता. 1499 मध्ये दौलताबाद त्याच्या हाती आलं. पुढे 1633 मध्ये तोच किल्ला मोगलांनी घेतला आणि निजामशाहीचा कणा मोडला. म्हणजे तुमच्या गाडीचा रस्ता हाच एका राज्याच्या सुरुवातीपासून अखेरीपर्यंतचा रस्ता आहे. मुलांना हे आधी सांगून ठेवलंत, तर ती मोबाइलमधून मान वर काढतील.

पहिला दिवस नगरचा. सकाळी भुईकोट किल्ला. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, म्हणून प्रत्येकाचं ओळखपत्र खिशात हवं आणि आदल्या दिवशी प्रवेशाची चौकशी करून घ्यायला हवी. आतमध्ये बहुतेक मंडळी पंडित नेहरूंची खोली बघतात, फोटो काढतात आणि माघारी फिरतात. 1942 च्या ऑगस्टपासून काँग्रेस कार्यकारिणीचे नेते इथं कैदेत होते. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथंच लिहिलं आणि मौलाना आझादांच्या 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रंही इथलीच. पण त्या खोलीवर थांबू नका. तटाकडे बघा, खंदकाकडे बघा. हुसेन निजामशहानं सोळाव्या शतकाच्या मध्याला मातीच्या गढीचा हा दगडी किल्ला केला. 1595-96 च्या वेढ्यात मोगलांनी सुरुंगानं तट फोडला आणि चांदबिबीनं तो रातोरात बुजवून घेतला. तटासमोर उभं राहून ही हकिकत ऐकणं वेगळं असतं. ऑगस्ट 1803 मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीनं हाच किल्ला घेतला.

नंतर फराहबाग. तलावाच्या मधोमध बांधलेला अष्टकोनी महाल, मुर्तझा निजामशहाच्या काळात 1583 मध्ये पुरा झाला. आज तिथं पाणी नाही, गर्दीही नाही, आणि म्हणूनच तो नीट बघता येतो. या महालासाठी पाणी कुठून आणलं हा प्रश्न सोबतच्या माहितगाराला जरूर विचारा. निजामशाहीतलं नगर हे नहरींचं शहर होतं. आसपासच्या खेड्यांतून खापरी नळांनी पाणी शहरात यायचं. निव्वळ घुमट दाखवून जो हे सांगत नाही, त्यानं नगर अर्धंच दाखवलं.

दुपारची उन्हं कलली की पाथर्डी रस्त्यानं शाह डोंगरावर जा. ज्याला आपण सगळे चांदबिबीचा महाल म्हणतो, त्याचा चांदबिबीशी काही संबंध नाही. ती मुर्तझा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची कबर आहे, तीन मजली, अष्टकोनी. नगरचे लोक तिथं वारा खायला जातात, कबर बघायला फारसं कोणी जात नाही. वरून शहर कसं वसलंय ते एका नजरेत कळतं. सकाळी पाहिलेला किल्ला कुठे आहे ते मुलांना शोधायला लावा.

तिथून संभाजीनगरचा रस्ता धरायचा. नगर ते संभाजीनगर साधारण 115 किलोमीटर. वाटेत प्रवरासंगमला उजेड उरला असेल तर टोक्याच्या सिद्धेश्वराच्या देवळासाठी पंधरा मिनिटं काढा. गोदावरी-प्रवरेच्या काठचं पेशवेकालीन कोरीव काम आहे आणि शेजारच्या हमरस्त्यावरून रोज हजारो गाड्या न थांबता जातात.

आता गाडीविषयी, कारण पैसे खरे इथं जातात. गाडी पिवळ्या पाटीचीच घ्या. ओळखीच्याची पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्तात मिळते, पण खासगी गाडी भाड्यानं चालवली आणि अपघात झाला तर विम्याचा दावा अडतो. दुसरं, बाहेरगावच्या भाड्यात बहुतेक ठिकाणी दिवसाला 250 ते 300 किलोमीटर धरलेच जातात, गाडी तेवढी फिरो वा न फिरो. आपली ही सहल जाऊन-येऊन साधारण 330 किलोमीटरची होते. दोन दिवसांचे 600 किलोमीटर लावले तर जवळपास निम्मे पैसे न फिरलेल्या रस्त्याचे झाले. म्हणून इथं किलोमीटरवर न जाता ठोक भाडं ठरवा. त्यात टोल, पार्किंग आणि चालकाचा रात्रीचा भत्ता आहे की वेगळा, हे आधी बोलून घ्या आणि मोबाइलवर लेखी मागून घ्या. तिथंच चालकाच्या झोपण्याचंही विचारा. पुष्कळ ठिकाणी तो बिचारा गाडीतच पाय दुमडून रात्र काढतो आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुमची सगळी घरची माणसं त्याच्या डोळ्यांच्या भरवशावर परत येतात. त्याला खाट मिळेल असंच लॉज घ्या. शंभर-दोनशे रुपये जास्त गेले तर जाऊ द्या.

मुक्काम शहरात की वेरूळला? शहरात सोयी जास्त, पण सकाळी शहरातून वेरूळला जाणारा रस्ता दौलताबादच्या जुन्या दरवाजातून जातो. तिथं दोन गाड्या समोरासमोर आल्या की रांग लागते. वेरूळ-खुलताबादकडे बरी खोली मिळाली तर ती घ्या. मुक्कामाचा सगळा फायदा एवढाच आहे की फाटक उघडताना तुम्ही फाटकापाशी असता. सकाळी दहानंतर शाळांच्या बस येतात आणि मग कैलास लेण्यात गाइडचं बोलणं ऐकूच येत नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी पहिलं कैलास, म्हणजे सोळावं लेणं. तिकीट भारतीयांना 40 रुपये आहे, 15 वर्षांखालच्या मुलांना नाही. परदेशातून आलेले भाऊ-वहिनी सोबत असतील तर त्यांना ओसीआय कार्ड आणायला सांगा. ते असलं की भारतीयांच्याच दरात तिकीट मिळतं, नाहीतर माणशी 600 रुपये मोजावे लागतात.

आणि गाइड. इथं मराठी माणसाचा हात आखडतो. गाडीला सात-आठ हजार देताना आपण कुरकुरत नाही, पण दोन-तीन तास अभ्यासाचं सांगणाऱ्याला पैसे देताना म्हणतो, "पाट्या लावल्यात की, वाचू आपण." पाटीवर तारीख मिळते. कैलास हे बांधलेलं नाही, डोंगर वरून खाली कोरत आणून मोकळं केलेलं आहे. मग कोरणाऱ्यांनी सुरुवात कुठे केली, छिन्नीचे घाव अजून कुठे दिसतात, कुठलं काम अर्धवट राहिलं, गिलाव्यावरचा रंग कुठल्या कोपऱ्यात टिकला, हे दाखवायला माणूसच लागतो. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, म्हणजे आठव्या शतकात, हे काम मुख्यतः झालं. गाइड जर परग्रहावरची माणसं आणि गुप्त भुयारं यांच्या गोष्टी रंगवू लागला, तर सरळ सांगा, "भाऊ, ते यूट्यूबवर पाहिलंय, तुम्ही दगडातलं दाखवा."

गाइड घेताना सरकारी ओळखपत्र बघा. दर माणसांच्या संख्येवर आणि अर्धा दिवस की पूर्ण दिवस यावर ठरतो, तो आधी विचारा. मराठीतून सांगणार ना, हेही स्पष्ट विचारा. नाहीतर समोरची मंडळी नगरची आणि समजावणं हिंदी-इंग्रजीत, असा प्रकार होतो. चालकानंच आणून उभा केलेला गाइड असेल तर जरा सावध राहा. त्या दोघांच्या वाटेवर पैठणी-हिमरूचं एखादं दुकान असू शकतं. खरेदी करायची तर खुशाल करा, पण ती गाइडच्या तासांतून नको.

वेरूळला 34 लेणी आहेत, बौद्ध, हिंदू आणि जैन. सगळी पाहायचा हट्ट धरू नका. कैलासनंतर दहावं विश्वकर्मा घ्या, त्याच्या छतावर दगडात कोरलेल्या लाकडी फासळ्या बघा. पंधरावं दशावतार, तिथं राष्ट्रकूट राजा दंतिदुर्गाचा शिलालेख आहे. मग जैन लेण्यांतलं बत्तिसावं. ते बरंच लांब आहे, वडीलधाऱ्यांना चालत नेऊ नका. फोटोची हौस असणाऱ्यांसाठी एक सूचना: लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत, चांगला उजेड दुपारनंतर येतो. पण शांतता सकाळीच असते, आणि दोन्हींतलं एक निवडायचं तर मी शांतता घेईन.

शेजारी घृष्णेश्वर. आज जे देऊळ दिसतं ते अहिल्याबाईंनी अठराव्या शतकात पुन्हा उभं केलं, आणि त्यांचा जन्म 1725 चा, आपल्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. त्याआधी जीर्णोद्धार केला होता मालोजीराजांनी. वेरूळचे भोसले, निजामशाहीचे सरदार. मालोजींच्या दोन मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ही नगरच्या शाह शरीफ पिराच्या नावावरून ठेवली, असं सांगतात. शरीफजी नगरजवळच्या भातवडीच्या लढाईत 1624 साली पडले. त्या लढाईचा सूत्रधार मलिक अंबर खुलताबादला चिरनिद्रा घेतोय, आणि 1707 मध्ये भिंगारला मेलेला औरंगजेबही तिथंच. इथं कुणाचा जयजयकार करायला जायचं नाही, नगरची गोष्ट कुठे जाऊन संपते ते बघायचं. मात्र श्रावणातले सोमवार टाळा, घृष्णेश्वराला रांग हलत नाही. श्रावणातल्या शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीला रात्रभर पायी येणाऱ्यांनी रस्ता भरलेला असतो. देवदर्शनालाच निघाला असाल तर गोष्ट वेगळी.

दुपारी जेवण आणि मग देवगिरी. वरपर्यंत जाऊन यायला अडीच-तीन तास लागतात, वाटेत अंधारी नावाचा कातळातला काळोखी बोगदा आहे, वटवाघळांचा वास आहे. बॅटरी न्या. उन्हाळ्यात ही चढण दुपारी मुळीच नको. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खालीच थांबावं. चांदमिनार आणि हत्ती हौद खालीच आहेत, त्यात त्यांचा तासभर छान जातो. यादवांची राजधानी, 1296 ची अल्लाउद्दीनची स्वारी, 1327 मध्ये तुघलकानं दिल्लीहून इथं आणलेली राजधानी, हे सगळं गाइड सांगेलच. आपण त्याला निजामशाहीचं विचारायचं. आदल्या दिवशी सकाळी ज्या गोष्टीची सुरुवात नगरच्या खंदकापाशी ऐकली, तिचा निर्णायक वेढा इथं पडला होता.

पाच वाजता खाली उतरलात तर नवाच्या आत नगर. अकोले, संगमनेरच्या श्रोत्यांना हे सगळंच लांब पडतं. त्यांनी भंडारदऱ्याला मुक्काम करून रतनवाडीचं अमृतेश्वर पाहावं. गावातलाच माहितगार सोबत घ्यावा.

आता नगरच्या तरुण मुलामुलींना एक सांगायचंय. वेरूळच्या फाटकावर गाइड मिळतो. आपल्या फराहबागेपाशी, सलाबतखानाच्या कबरीपाशी मिळत नाही. नगरला पाहुणा आला की आपल्याला आपल्या वस्तुसंग्रहालयात चौकशी करावी लागते, नाहीतर एखाद्या अभ्यासकाला फोन करावा लागतो. ज्यांना इतिहासाची गोडी आहे आणि चार माणसांपुढे बोलता येतं, त्यांनी हे काम अंगावर घ्यावं. आणि श्रोतेहो, तुमच्यापैकी जे येत्या सुट्टीत निघतील त्यांनी पहिल्या दिवशी नगर दाखवायला असा एखादा मुलगा किंवा मुलगी सोबत घ्यावी आणि दिवस संपल्यावर पाठ थोपटून पाठवू नये, ठरवून पैसे द्यावेत.