आरोग्य समजावणाऱ्यांची नोकरी
(वर्धापनदिनी, कुंभिवली येथे केलेल्या भाषणावरून)



आपल्याकडे मुलगी बारावी सायन्स पास झाली की घरात दोनच शब्द ऐकू येतात, डॉक्टर नाहीतर नर्स. तिथे नंबर लागला नाही की खोपोलीकडच्या कुठल्यातरी कंपनीत पॅकिंगला. मधला एक रस्ता आहे, तो कोणी सांगत नाही. लोकांना आरोग्य समजावून देणे हीसुद्धा नोकरी आहे, आणि तिला शिक्षण लागते.

क्षयाचेच घ्या. साध्या क्षयाला सहा महिने औषध. दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगावर मांस चढते, आणि वाडीवरचा माणूस बायकापोरांसह वीटभट्टीवर निघून जातो. गोळ्या सुटतात. औषध सरकार फुकट देते हो, पण "गोळ्या सोडू नका" एवढे बोलून भागत नाही. भट्टीवर गोळ्या कोण पोचवणार, मुकादम सुट्टी देतो का, हे विचारता आले पाहिजे. ते विचारणे शिकावे लागते.

आपल्याच जिल्ह्यात, अलिबागजवळ मांडव्याला, डॉ. नोशीर अंटिया यांनी १९७० च्या दशकात गावच्या साध्या बायकांना हे काम शिकवले. पुढे २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि त्यातून आशाताई आल्या. साधारण हजार वस्तीला एक, सुरुवातीचे प्रशिक्षण २३ दिवसांचे. पण कागदावर त्या स्वयंसेविका. पगार नाही, मोबदला. त्यासाठी २०२३ मध्ये राज्यभर संप करावा लागला. ज्यांना आशा व्हायचे त्यांनी जरूर व्हावे, पण ती कायम नोकरी समजू नये, हे स्पष्ट बोललेले बरे.

पगाराच्या जागेला कागद लागतो. बारावीनंतर एएनएमची दोन वर्षे, किंवा नगरपालिकेत उपयोगी पडणारी स्वच्छता निरीक्षकाची एका वर्षाची पदविका. आणि पदवी असेल तर नवीन पनवेलला केंद्र सरकारची राष्ट्रीय सार्वजनिक आरोग्य प्रशिक्षण व संशोधन संस्था आहे. पूर्वीचे नाव कुटुंब कल्याण प्रशिक्षण व संशोधन केंद्र. आरोग्य शिक्षणाची पदविका तिथे शिकवत आले आहेत. आमची पोरे पुण्याला चौकशी करतात, आणि हे एसटीच्या अंतरावर!

जागा भरपूर आहेत असे मी म्हणणार नाही. बऱ्याच कंत्राटी, अकरा-अकरा महिन्यांच्या. पण पदवीवाल्याला त्यात वर सरकता येते, बारावीवाला तिथेच राहतो. म्हणून मुलींचे शिक्षण बारावीला थांबवू नका.

यंदा ज्यांची पदवी पूर्ण होते त्यांनी जेवणाआधी माझ्याकडे नावे द्यावीत. मार्कशीट आणि जातीच्या दाखल्याची झेरॉक्स सोबत ठेवा, एक दिवस ठरवून सगळे मिळून पनवेलला जाऊ.