दंडातील नळी आणि तालुक्यातील परिचारिका



वसंत व्याख्यानमालेत आपण आम्हां परिचारिकांना बोलावलेत. आमचा विषय आहे एक बारीक नळी. रुग्णालयात तिला ‘पिक लाइन’ म्हणतात.

कर्करोगाची औषधे महिनोन् महिने शिरेतून द्यावी लागतात. काही औषधे इतकी दाहक, की हाताची बारीक शीर पोळून निघते. म्हणून दंडाच्या शिरेतून लांब, मऊ नळी हृदयालगतच्या महाशिरेपर्यंत नेतात. तेथे मिनिटाला सुमारे २ लिटर रक्त वाहते. त्या ओघात औषध तत्काळ पातळ होते. १९२९ साली जर्मनीत वेर्नर फोर्समान यांनी स्वतःच्याच हातातून ६५ सेंटिमीटर नळी हृदयापर्यंत नेली. निर्जंतुक हत्यारे त्यांना एका परिचारिकेने काढून दिली होती. १९५६ साली त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

नळी घालणे तासाभराचे काम, राखणे महिन्यांचे. आठवड्याला पट्टी बदलायची, सलाईनने नळी धुवायची. सिरिंज १० मिलिलिटरचीच हवी. लहान सिरिंजेचा दाब जास्त, त्याने नळी फुटू शकते. त्या हातावर रक्तदाब मोजायचा नाही.

आता आपल्या शहापूर-मुरबाडकडे पाहू. परळच्या टाटा रुग्णालयात उपचार घेणाऱ्या शहापूरकराने आसनगावला लोकल धरायची. मुरबाडकराने आधी एस.टी.ने कल्याण गाठायचे. अर्ध्या तासाच्या पट्टीपायी दिवस जातो, सोबत्याची मजुरी बुडते. भातलावणीत तर पट्टी हमखास पुढे ढकलली जाते. जंतू मात्र वाट पाहत नाहीत. नळीवाटे ते थेट रक्तात शिरतात, आणि औषधांनी क्षीण झालेल्या रुग्णाच्या जिवावर बेतते.

यावर उपाय आहे, आणि तो महागडा नाही. दोन्ही तालुक्यांच्या सरकारी रुग्णालयांत दोन-दोन परिचारिका या कामात तयार कराव्यात. मोठ्या रुग्णालयाने रुग्णासोबत चिठ्ठी द्यावी: नळी कधी घातली, दंडाबाहेर किती सेंटिमीटर आहे. बाहेरची लांबी वाढली, तर नळी सरकली असे समजावे आणि औषध थांबवावे.

घरच्यांनीही एवढे जपावे: पट्टी भिजू देऊ नये, त्या हाताने हंडा-भारा उचलू नये, चिखलात हात घालू नये. हुडहुडी भरून ताप आला, दंड सुजला वा लाल झाला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आपण नगरातील जाणती मंडळी आहात. ही मागणी आपण योग्य ठिकाणी लावून धरावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.