ऊनपाण्याचा टब आणि प्राप्तिकराची वजावट
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावरून प्राप्तिकरासारखा रुक्ष विषय मांडण्याचे धाडस आम्ही करीत आहोत, ते चालक मंडळींच्या आग्रहास्तव. आपल्या ज्ञातीतील अनेक कुटुंबे आज अमेरिकेत स्थायिक झाली आहेत आणि कित्येकांचे वृद्ध आईवडीलही तिकडेच जाऊन राहिले आहेत. तिकडील थंडीत धरलेले सांधे अधिकच आखडतात. अशा वेळी घरात ऊनपाण्याचा टब बसवावा असा विचार मनात येतो, आणि त्याचा खर्च वैद्यकीय म्हणून करातून वजा होईल असे कोणी ना कोणी सुचविते. हे म्हणणे खोटे नाही, परंतु ते अपुरे आहे. त्याचा उरलेला भाग काय, हेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

ऊन पाण्याचा गुण आपणांस कोणी नव्याने शिकवावयास नको. वज्रेश्वरी, गणेशपुरी, दापोली तालुक्यातील उन्हवरे, राजापूरजवळील उन्हाळे या ठिकाणी आपले वाडवडील सांध्यांच्या दुखण्यासाठी स्नानास जात असत. अमेरिकेतील या टबाचा उगमही एका आजारी मुलाच्या शुश्रूषेत आहे. इटलीहून कॅलिफोर्नियात येऊन स्थायिक झालेल्या जकूझी बंधूंचा विहिरीच्या पंपांचा कारखाना होता. त्यांपैकी कँडिडो जकूझी यांच्या मुलास अगदी लहानपणीच संधिवाताने ग्रासले. रुग्णालयात मिळणारा खळाळत्या पाण्याचा उपचार त्यास घरच्या घरी मिळावा, म्हणून न्हाणीच्या टबात ठेवता येईल असा पंप या कारखान्याने तयार केला. पुढे १९६८ साली त्याच घराण्यातील रॉय जकूझी यांनी पंप आतच बसविलेला टब बाजारात आणला आणि औषधाची वस्तू पाहता पाहता चैनीची झाली. करखात्यापुढे जो प्रश्न उभा राहतो तो नेमका हाच. तोच टब एका घरी औषध असतो आणि शेजारच्या घरी चैन. मग त्यांतील भेद ठरवावयाचा कसा?

अमेरिकेत वैद्यकीय खर्चाची वजावट प्रथम १९४२ साली, म्हणजे महायुद्धाच्या काळात, देण्यात आली. आज ती तेथील महसूल संहितेच्या २१३ व्या कलमात आहे. या कलमाचे मर्म असे की, नेहमीचे आजारपण ज्याने त्याने स्वतः सोसावे. मात्र खर्चाचा भार उत्पन्नाच्या मानाने असह्य झाला, तर राज्याने त्यात काही वाटा उचलावा. म्हणून समायोजित एकूण उत्पन्नाच्या साडेसात टक्क्यांपर्यंतचा खर्च हिशेबात धरला जात नाही. त्यावरील रक्कम तेवढी वजा होते. ही मर्यादा पूर्वी अनेकदा वरखाली झाली. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने ती साडेसात टक्क्यांवर कायम केली.

आता घरात केलेल्या कायमच्या सुधारणांकडे वळू. येथे नियमावलीने दिलेले उदाहरण फार बोधप्रद आहे. करदात्याच्या पत्नीस हृदयविकारामुळे जिना चढणे वर्ज्य आहे, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याने घरात उद्वाहक बसविला. खर्च झाला १,००० डॉलर. परंतु त्यामुळे घराची किंमत ७०० डॉलरांनी वाढली. ते ७०० डॉलर गेले नाहीत, घराच्या रूपाने त्याच्याजवळच राहिले. म्हणून वैद्यकीय खर्च धरावयाचा तो केवळ ३०० डॉलरांचा. टबालाही हाच न्याय लागू होतो. विशेष म्हणजे टबासाठी लागणारी वीज, पाणी व दुरुस्ती यांचा पुढील खर्च, मूळ कारण वैद्यकीय असेतोवर, वैद्यकीय खर्चातच मोडतो. मग मूळ किमतीपैकी काहीच वजा झाले नसले तरी हरकत नाही.

तेव्हा पहिली कसोटी रोगाची. नुसत्या प्रकृतिस्वास्थ्यासाठी केलेला खर्च या कायद्यास मान्य नाही. शीण जातो, झोप चांगली लागते, ही कारणे खरी असली तरी पुरेशी नाहीत. विशिष्ट व्यक्ती, तिचा विशिष्ट विकार, आणि त्या विकारावर डॉक्टरांनी टब घेण्यापूर्वी लिहून दिलेला उपचार, अशी साखळी हवी. टब घरी येऊन पडल्यानंतर मिळविलेल्या शिफारसपत्रास कोण मान देईल?

दुसरी कसोटी गरजेची. १९८३ साली तेथील महसूल खात्याने एका तीव्र संधिवाताच्या रुग्णाच्या पोहण्याच्या तलावाविषयी निर्णय दिला. डॉक्टरांनी त्यास दिवसातून अनेकदा पोहावयास सांगितले होते. तलाव ८ फूट रुंद आणि ३६ फूट लांब, घराच्या आत, उतरण्यास खास पायऱ्या असलेला असा होता; सूर मारून मौज करण्याजोगा नव्हता. घराच्या वाढलेल्या किमतीपलीकडील खर्च खात्याने मान्य केला. म्हणजे वस्तूची घडणच तिच्या हेतूची साक्ष देते. आठ जणांनी गप्पा मारीत बसावे असा, रंगीत दिव्यांचा व वाद्यसंगीताचा टब आईच्या गुडघ्यांसाठी घेतला, असे सांगितल्यास ऐकणारा अधिकारी मनात काय म्हणेल, हे आम्ही सांगावयास नको.

तिसरी कसोटी प्रमाणाची. १९७८ साली सातव्या विभागीय अपील न्यायालयापुढे जवळजवळ दोन लक्ष डॉलर खर्चून बांधलेल्या एका आलिशान तलावाचे प्रकरण आले. उपचाराची गरज कोणी नाकारली नाही. परंतु घराच्या भव्यतेस शोभावे म्हणून केलेला वास्तुशोभेचा खर्च औषधाच्या खात्यात घालता येणार नाही. उपचारास पुरेसा असा तलाव वाजवी किमान खर्चात जितक्यात झाला असता तेवढेच हिशेबात धरावे, असे न्यायालयाने ठरविले.

या तिन्ही कसोट्यांतून पार पडल्यावर पदरात काय पडते, याचा एक कल्पित हिशेब आपण करून पाहू. पासष्ट वर्षांखालील पतिपत्नी, दोघांचे मिळून समायोजित एकूण उत्पन्न ८०,००० डॉलर. साडेसात टक्के म्हणजे ६,००० डॉलर. टबाचा खर्च ९,००० डॉलर, घराची वाढलेली किंमत ४,००० डॉलर. म्हणून टबापोटी वैद्यकीय खर्च ५,००० डॉलर. इतर औषधपाणी ७,००० डॉलर. एकूण १२,००० डॉलरांतून ६,००० डॉलर गेले, उरली ६,००० डॉलरांची वजावट. परंतु ही वजावट, गृहकर्जाचे व्याज, स्थानिक कर व दानधर्म यांची तपशीलवार यादी देणारासच मिळते. आणि अशी यादी न देणारास सरकार २०२५ सालासाठी पतिपत्नींस मिळून ३१,५०० डॉलरांची ठोक वजावट देतेच. समजा, यादीतील इतर बाबी २७,००० डॉलरांच्या आहेत. त्यांत हे ६,००० मिळविले म्हणजे ३३,००० होतात. ठोक वजावटीपेक्षा जास्त किती? अवघे १,५०० डॉलर. या कुटुंबाचा कराचा दर १२ टक्के. म्हणजे नऊ हजारांच्या टबामागे कर वाचला तो १८० डॉलर!

हा आकडा ऐकून कोणी निराश होऊ नये. मोठी शस्त्रक्रिया वा दीर्घ शुश्रूषा झालेल्या वर्षी हीच वजावट मोलाची ठरते, कारण खर्च ज्या वर्षी दिला त्या वर्षीच धरला जातो. परंतु करात सूट मिळते म्हणून टब घ्यावा, हा हिशेब सहसा जमत नाही. दुखणे आहे म्हणून घ्यावा. सूट मिळाली तर मिळाली.

आता आपल्या कुटुंबांच्या जिव्हाळ्याचा मुद्दा. आईवडिलांसाठी केलेला खर्च मुलाच्या वा मुलीच्या विवरणपत्रात धरता येतो; त्यासाठी त्यांच्या पोषणाचा निम्म्याहून अधिक भार त्या अपत्याने उचललेला असला पाहिजे. शिवाय ते अमेरिकेचे नागरिक, अथवा कायद्याच्या अर्थाने अमेरिका, कॅनडा वा मेक्सिकोचे रहिवासी असावे लागतात. पुण्यास वा कोल्हापुरास राहणाऱ्या, भारतीय नागरिक असलेल्या मातेसाठी मुलगा दरमहा कितीही पैसे पाठवीत असला, तरी तिचे औषधपाणी त्याच्या अमेरिकेतील विवरणपत्रात बसत नाही. मातृसेवा तीच, कायद्याची कुंपणे मात्र निराळी.

टबाच्या चर्चेत याहून साध्या गोष्टी मागे पडतात, याचे आम्हांस अधिक वाईट वाटते. चाकांच्या खुर्चीसाठी केलेला उतार, रुंद केलेली दारे, न्हाणीघरात व जिन्यास बसविलेले आधाराचे कठडे, खाली आणलेली स्वयंपाकघरातील फडताळे, यांनी घराची किंमत सहसा वाढत नाही असे महसूल खाते स्वतःच मानते; त्यामुळे त्यांचा वाजवी खर्च पूर्णपणे वैद्यकीय खर्चात धरता येतो. दुसऱ्याच्या घरात भाड्याने राहणाऱ्या संधिवाताच्या व हृदयविकाराच्या रुग्णाने डॉक्टरांच्या सांगण्यावरून तळमजल्यावर स्वखर्चाने न्हाणी बांधली आणि मालकाने खर्चाचा वाटाही उचलला नाही व भाडेही कमी केले नाही, तर तोही सर्व खर्च मान्य होतो. आपल्यातील पुष्कळ सत्शील माणसे मात्र संकोचाने वा अज्ञानाने या पावत्या टाकून देतात. हक्काचे सोडून देणे हा काही सदाचार नव्हे.

उलट पक्षी, आईच्या दुखण्याचे निमित्त पुढे करून स्वतःची हौस भागविणे हे आईसही कमीपणा आणणारे आहे. निष्काळजीपणाने कर कमी भरल्यास कमी पडलेल्या कराच्या २० टक्के, आणि कपट सिद्ध झाल्यास ७५ टक्के दंड आहे. पण दंडाहून मोठी गोष्ट म्हणजे अब्रू. परक्या देशात आपल्या माणसांनी कष्टाने मिळविलेला विश्वास शे-दीडशे डॉलरांसाठी पणास लावावा, इतका तो स्वस्त नाही.

तेव्हा आमची विनंती एवढीच. प्रथम डॉक्टरांचा लेखी सल्ला घ्या. मग टब बसविण्यापूर्वीची व नंतरची घराची किंमत जाणत्या मूल्यमापकाकडून लिहून घ्या. सर्व पावत्या जपून ठेवा. आणि तिकडील करसल्लागारास खरे ते सर्व सांगून त्याच्या विचाराने चाला. गरज जेवढी, तेवढीच मागणी करा. आणि जेवढी गरज आहे, तेवढी मागण्यास लाजू नका.