चार कलमांचा कायदा



कायद्याचे पुस्तक उघडणारा सामान्य माणूस दोन पानांतच थकतो. साथरोग अधिनियम, १८९७ हा मात्र त्यास अपवाद आहे. चहा निवेपर्यंत वाचून व्हावा, एवढाच तो मुळात होता. एकूण कलमे चार. पहिल्यात कायद्याचे नाव. दुसऱ्यात सरकारला अधिकार : भयंकर साथ पसरली आणि चालू कायदे अपुरे वाटले, तर सरकारने आवश्यक वाटतील ते उपाय योजावेत. तिसऱ्यात, आज्ञा मोडणाऱ्यास दंडसंहितेच्या १८८ व्या कलमाप्रमाणे शिक्षा. आणि चौथ्यात असे की, या कायद्याखाली सद्‌भावनेने केलेल्या कोणत्याही कृतीबद्दल कोणावरही दावा चालणार नाही. सरकारचा अधिकार झाला, प्रजेची शिक्षा झाली, अधिकाऱ्याचे कवचही झाले. ज्याच्या घराचे दार फोडले जाईल त्याने दाद कोठे मागावी, हे सांगणारे पाचवे कलम लिहिण्याची गरज कोणास भासली नाही.

हा कायदा ४ फेब्रुवारी १८९७ रोजी अमलात आला. आदल्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आढळला होता. पुण्याला तो पोहोचण्यास वेळ लागला नाही. 'केसरी'ने ज्याला ग्रंथिक सन्निपात म्हटले, तो रोग घरटी माणसे नेऊ लागला. सावित्रीबाई फुले रुग्णसेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी याच रोगाने गेल्या. त्याच सुमारास साताऱ्याचे असिस्टंट कलेक्टर वॉल्टर चार्ल्स रँड हे पुण्याच्या प्लेग कमिटीचे प्रमुख झाले आणि घरांच्या झडतीसाठी गोरे सोजीर शहरात उतरले.

पुढचा इतिहास महाराष्ट्राला पाठ आहे. परंतु पाठ असलेल्या इतिहासातील एक बारकावा नेहमी निसटतो. रोग्याला वेगळे ठेवण्यास पुण्याच्या पुढाऱ्यांचा विरोध नव्हता. श्रीमंत मंडळी गाव सोडून जात असताना लोकमान्य टिळक पुण्यातच राहिले, हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय उघडण्यात पुढे झाले आणि स्वच्छतेच्या उपायांना लोकांनी साथ द्यावी असे लिहीत राहिले. महामारीत शासनाने कठोर व्हावे की नाही, हा तेव्हाही वादाचा विषय नव्हता. वाद होता तो बूट घालून माजघरात आणि देवघरात शिरण्याचा, रस्त्यात उभे करून अंगे तपासण्याचा, सामानाची होळी करण्याचा आणि या सर्वांविषयी कोणी काही विचारूच नये, या मग्रुरीचा.

ही मग्रुरी ज्ञानातून आलेली नव्हती, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. उंदरावरच्या पिसवेतून प्लेग पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने १८९८ साली दाखविले. त्यापूर्वी पुण्यात जमिनी खणल्या गेल्या, भिंती धुतल्या गेल्या, कपडे जाळले गेले. खरा वाहक अंधारातून निसटत होता. सत्तेला उत्तर माहीत नव्हते, आणि प्रश्न विचारू देण्याची तिची तयारी नव्हती.

तक्रारी झाल्या. अर्ज गेले. कमिटीच्या अहवालाने मात्र समाधान व्यक्त केले की, स्त्रियांच्या अप्रतिष्ठेची विश्वासार्ह तक्रार आलीच नाही. ज्यांच्याविरुद्ध तक्रार, त्यांनीच ती विश्वासार्ह नाही असे ठरवावे, हा न्याय कोणत्या स्मृतीत बसतो? गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा वेल्बी कमिशनपुढील साक्षीसाठी इंग्लंडात होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी 'मँचेस्टर गार्डियन'मध्ये सोजिरांनी स्त्रियांवर केलेल्या अत्याचाराचा आरोप केला. सरकारने पुरावा मागितला. पत्र लिहिणाऱ्यांची नावे उघड करणे म्हणजे त्यांना सरकारच्या हाती देणे होते. साक्षीला कोणी पुढे येईना. अखेर मायदेशी परतल्यावर गोखल्यांनी बिनशर्त क्षमा मागितली. त्या क्षमेवरून त्यांना पुष्कळ सोसावे लागले, स्वकीयांकडूनही. पण आज त्या प्रसंगाकडे पाहताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. सिद्ध न करता आलेल्या विधानाची जबाबदारी एका प्रजाजनाने जाहीरपणे पत्करली. त्या पूर्ण वर्षात पुण्याच्या बाबतीत जबाबदारी पत्करणारे दुसरे कोणी दिसत नाही, आणि तो माणूस सत्तेवर नव्हता.

२२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली; ३ जुलैला तो मरण पावला. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे तिघे चापेकर बंधू व महादेव रानडे फासावर गेले. सरकारने मग काय केले? सोजिरांच्या वर्तनाविषयी तक्रारी मांडणाऱ्या नातू बंधूंना १८२७च्या रेग्युलेशनखाली खटल्याविना अटकेत टाकले. शहरावर जादा पोलीस बसवून खर्च नागरिकांच्या माथी मारला. टिळकांना राजद्रोहाखाली अठरा महिने सक्तमजुरी झाली. ज्यूरीतील सहा युरोपियन एका बाजूला आणि तीन हिंदी दुसऱ्या बाजूला. कायद्याचे चौथे कलम मात्र शाबूत राहिले.

ते आजही शाबूत आहे, आणि हे व्याख्यान खरे तर येथून सुरू होते.

मार्च २०२० मध्ये कोरोनाची चाहूल लागताच राज्याराज्यांनी हाच कायदा बाहेर काढला. महाराष्ट्रात तो मार्चच्या मध्यास लागू झाला. २४ मार्चच्या रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि बारा वाजता देश थांबला. त्यासाठी २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा आधार होता, पण सद्‌भावनेचे कवच त्यातही आहे. रोग नवा होता, औषध नव्हते, रुग्णालये अपुरी होती. अशा वेळी घाईने घेतलेला निर्णय चुकू शकतो, आणि चुकीबद्दल क्षमाही असू शकते. परंतु क्षमेच्या आधी हिशेब लागतो.

८ मे २०२० रोजी पहाटे करमाडजवळ रेल्वे रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या कारखान्यातून मध्य प्रदेशातील आपल्या गावी ते निघाले होते. गाड्या बंद आहेत, या समजुतीने त्यांनी रुळांवर पाठ टेकली. वाटेत असे किती गेले, हा प्रश्न सप्टेंबरात संसदेत विचारला गेला, तेव्हा केंद्रीय कामगार मंत्रालयाचे लेखी उत्तर आले की, अशी आकडेवारी ठेवलेली नाही. त्यामुळे भरपाईचा प्रश्न उद्‌भवत नाही. त्याच अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास नव्हता. हिवाळी अधिवेशन तर झालेच नाही. तामिळनाडूतील सातानकुळम येथे, दुकान वेळेनंतर उघडे ठेवल्याच्या आरोपावरून धरलेले बापलेक जून २०२० मध्ये कोठडीतील मारहाणीनंतर दगावले. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली म्हणून प्रकरण तडीस लागण्याच्या मार्गावर आले.

महाराष्ट्रात काय घडले? १ जुलै २०२०च्या आषाढीला संतांच्या पादुका एस.टी.ने पंढरपुरास गेल्या. शतकांची पायी वारी थांबवून वारकरी घरी बसला. त्याने दगड मारला नाही, मोर्चा काढला नाही. ऑक्टोबरच्या आरंभी उपाहारगृहे आणि मद्यालये उघडली. देवळांची दारे १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी उघडली. गर्दीची भीती हे कारण सरकारने सांगितले, आणि ते कदाचित खरेही असेल. मात्र कोणत्या तज्ज्ञाने, कोणत्या निरीक्षणावरून हा क्रम ठरविला, ते आदेशासोबत लोकांपुढे मांडले जायला हवे होते. ज्याने इतके निमूटपणे पाळले, त्या वारकऱ्याला कारण ऐकण्याचा अधिकार नव्हता काय? मुंबईत एक पक्ष सत्तेवर असेल आणि दिल्लीत दुसरा. प्रश्न दोघांना सारखाच विचारावा लागतो. आपल्या बाजूचे सरकार असले की हा प्रश्न घशात अडकतो, हा कार्यकर्त्यांचा जुना आजार आहे.

परदेशाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. इंग्लंडनेही त्या काळात पुष्कळ घोळ घातले. परंतु तेथील २०२०च्या कोरोना कायद्यात दर सहा महिन्यांनी सभागृहाची संमती घेण्याची अट होती. स्वतःच घातलेले निर्बंध मोडल्याबद्दल पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांना एप्रिल २०२२ मध्ये पोलिसांनी दंड केला. आणि महामारीच्या हाताळणीची जाहीर चौकशी तेथे साक्षीपुराव्यांनिशी चालली. रँडला पाठविणाऱ्या देशाने स्वतःच्या प्रजेसाठी ठेवलेला हा शिरस्ता आहे; पुण्याच्या वाट्याला त्याने तो कधी येऊ दिला नाही. स्वतंत्र भारताने त्यांचा कायदा जपून ठेवला, शिरस्ता मात्र घेतला नाही.

एप्रिल २०२०च्या अध्यादेशाने व नंतरच्या दुरुस्तीने, आरोग्यसेवकांना गंभीर इजा करणाऱ्यास सात वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद झाली. ती योग्यच होती. डॉक्टर-परिचारिकांवर दगड पडत होते. त्या दुरुस्तीत चौथ्या कलमाला कोणी हात लावला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने आपल्या २८६व्या अहवालात हा कायदा आजच्या साथींना अपुरा असल्याचे सांगितले. त्याच वर्षीच्या जुलैपासून दंडसंहिताही गेली, न्याय संहिता आली. १८८ वे कलम आता २२३ वे झाले आहे.

नव्या साथरोग कायद्याचा मसुदा आज ना उद्या येईल. तो आला की खासदाराच्या कार्यालयात जाऊन त्याची प्रत मागावी, आणि अधिकाऱ्याला संरक्षण देणारे कलम कोणत्या पानावर आहे ते पाहून, नागरिकाची तक्रार किती दिवसांत आणि कोणापुढे ऐकली जाईल हे कोठे लिहिले आहे, ते त्यालाच दाखवावयास सांगावे.