विवेक, स्वार्थ आणि जात
(संस्थेच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



भगवान बुद्ध व बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना वंदन करून आपण एका प्रश्नाचा विचार करू. माणूस नफा-तोटा पाहून वागतो, असे अर्थशास्त्र सांगते. मग जात टिकते कशी?

मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त. पण धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली अस्पृश्यांना तेथे मज्जाव होता. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न उपस्थित केला. कामगारांचा आर्थिक स्वार्थ एक असूनही त्यांची एकजूट विटाळापाशी अडत होती.

भेदभाव करणाऱ्यालाही त्याची किंमत मोजावी लागते, हे गॅरी बेकर यांनी १९५७ साली दाखवले. तरीही तो का चालतो, याचे एक उत्तर जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७६ साली दिले. रूढी मोडणाऱ्यावर बहिष्कार पडत असेल, तर रूढी न मानणाराही ती पाळतो. एकट्याच्या दृष्टीने ते शहाणपण ठरते, समाजाच्या दृष्टीने मात्र अविवेक. आपल्या महाराष्ट्रात २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला, यावरून हे भय किती खरे आहे ते कळते.

परंतु बहिष्कार घालणारे तो का घालतात? येथे केवळ स्वार्थाचा हिशेब अपुरा पडतो. लोक धर्मश्रद्धेपोटी जात पाळतात, म्हणून शास्त्रांच्या प्रामाण्यावरच घाव घातला पाहिजे, असे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिभेद निर्मूलन’ या ग्रंथात मांडले.

म्हणजे जातीला दोन कुलुपे आहेत: भय आणि अंधश्रद्धा. अंधश्रद्धेची किल्ली प्रज्ञा. ऐकीव गोष्ट केवळ परंपरा म्हणून स्वीकारू नका, हा भगवंतांचा कालामांना उपदेश आहे. भयाची किल्ली संघटन. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो लोकांनी एकत्र दीक्षा घेतली; त्यामुळे कोणी एकटा पडला नाही.

आता आपल्या घरात पाहू. मुलामुलींचे विवाह जुळवताना आपल्यातही पूर्वीची पोटजात विचारली जाते. एका कुटुंबाने विचारणे सोडले, तर त्याला ‘नातेवाईक काय म्हणतील’ ही धास्ती वाटते. सर्वांनी मिळून सोडले, तर धास्ती कोणाची? म्हणून आपल्या वधू-वर नोंदणीच्या अर्जात पोटजातीचा रकाना नसावा, असा ठराव आपण सर्वांनी एकमताने करावा. विद्यार्थ्यांनी यात पुढाकार घ्यावा.

नमो बुद्धाय! जय भीम!