पाड्यावरचे अंगण आणि विद्यापीठ



२५ सप्टेंबर २०१५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या १९३ सदस्य राष्ट्रांनी शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टे स्वीकारली. दारिद्र्य, भूक, आरोग्य, शिक्षण, पाणी, निवारा, सागर, अरण्य या साऱ्यांचा त्यांत अंतर्भाव असून २०३० ही मुदत ठरली आहे. हुंडीची मुदत जवळ आली की व्यापारी आपली वही उघडून पाहतो. राष्ट्रांनीही ती पाहण्याची वेळ आली आहे. या कामी विद्यापीठांनी काय करावे, हा प्रश्न जगभर विचारला जातो. त्याचे एक उत्तर डहाणू तालुक्याने फार पूर्वीच देऊन ठेवले आहे.

सन १९४५. त्या वर्षीच्या २३ मे रोजी तलासरी भागातील झरी येथे जमलेल्या वारली बांधवांनी यापुढे वेठ न करण्याचा निर्धार केला. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर ताराबाई मोडक बोर्डी येथे आल्या. समवेत अनुताई वाघ होत्या. बालवाडी सुरू झाली, परंतु पाड्यावरची मुले काही येईनात. आईबाप मजुरीस जात, थोरली मुले गुरे राखीत, मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन फिरत. मुले येत नाहीत म्हणून त्यांना दोष न देता या दोघींनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी होय. पुढे १९५७ मध्ये हे कार्य कोसबादच्या टेकडीवर गेले. गुराख्यांसाठी कुरणातच शाळा भरू लागली. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणल्यामुळे भावंड सांभाळणारी मुलगीही अक्षरे गिरवू लागली. महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, खडे व पाने आली. १९७५ मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव लाभले.

आज विद्यार्थी पाड्यावर येत नाहीत असे नाही. मुंबईच्या आयआयटीने १९८५ मध्ये ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचे केंद्र स्थापिले. तेथील विद्यार्थी गावोगाव जाऊन अभ्यास करतात. कोसबाद येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. उन्नत भारत अभियानाखाली अनेक महाविद्यालयांनी गावे दत्तक घेतली आहेत. तथापि पुष्कळ ठिकाणी सात दिवसांचे शिबिर होते, प्रश्नावल्या भरल्या जातात आणि गाडी परत फिरते. 'विहिरीला पाणी किती महिने असते?' या प्रश्नाचे उत्तर एकाच माउलीने किती वेळा द्यावे? माप न घेता बेतलेला कपडा, कापड कितीही भारी असले तरी, अंगाला बसत नाही. आणि माप घेऊन कपडाच दिला नाही, तर गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही.

अलीकडचे उदाहरण पाहावे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीतील धुंदलवाडी परिसरास भूकंपाचे धक्के बसू लागले. थंडीच्या दिवसांत कुटुंबे घराबाहेर निजली. शास्त्रज्ञांनी यंत्रे बसवून धक्के मोजले, हे आवश्यकच होते. परंतु तेथील गृहस्थाचा प्रश्न साधा होता: घरात निजावे की नाही? कारवीच्या कुडाचे, शेणमातीने लिंपलेले जुने घर हलके असते. विटांची भिंत अंगावर कोसळली तर जीव घेते. पावसात मात्र कूड लवकर कुजतो. हलके, टिकाऊ आणि मजुराला परवडणारे घर कसे असावे, हा अभियांत्रिकी महाविद्यालयास शोभणारा विषय आहे आणि त्यातील निम्मे ज्ञान कूड विणणाऱ्या हातांपाशी आहे.

म्हणून विद्यापीठांनी एवढे तरी करावे. एका पाड्याशी पाच-दहा वर्षे संबंध राखावा. विषय ग्रामसभेत ठरवावा. प्रबंधाची मराठी प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी, आणि जो वाचू शकत नाही त्याला ती वारली बोली जाणणाऱ्या विद्यार्थ्याने वाचून दाखवावी. तोंडी परीक्षेच्या दिवशी परीक्षकांच्या शेजारी त्या पाड्यावरची दोन वडीलधारी माणसे बसवावीत, आणि पहिला प्रश्न त्यांना विचारू द्यावा.