पंच्याऐंशीचा आकडा आणि घरातली भाषा

(भंडारा येथे पालक आणि शिक्षकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला ८५ या एका आकड्याबद्दल बोलायचं आहे. मी डॉक्टर नाही, मानसशास्त्रज्ञही नाही. इंजिनिअरिंग केलं आणि सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. पण एखादं मोजमाप कोणाला समोर ठेवून तयार झालं आणि कोणाच्या बाबतीत ते चुकतं, हे शोधणं माझ्या कामाचा भाग आहे. मोबाईलला बोलून लिहायला सांगा. माझी अम्मी बोलते तेव्हा तो काहीच्या काही लिहितो. म्हणून अम्मीला बोलता येत नाही, असं घरात कोणी म्हणत नाही. मुलांच्या बुद्धीची चाचणी होते तेव्हा मात्र आपण नेमकं हेच म्हणतो.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगता आहेत. त्यातली एक म्हणजे विशिष्ट अध्ययन अक्षमता: मूल हुशार असतं, डोळे-कान ठीक असतात, पण वाचन, लेखन किंवा गणित यांपैकी काहीतरी त्याला जमत नाही. डिस्लेक्सिया हा त्यातलाच प्रकार. ‘तारे जमीन पर’ येऊन इतकी वर्षं झाली, तेव्हा शब्द सगळ्यांना माहीत आहे. पण सिनेमातल्या मुलाला चित्रकलेचे एक चांगले सर भेटले आणि गोष्ट पुढे सरकली. आपल्या मुलाला आधी कागद लागतो. कागद असेल तर दहावीला जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, एखाद्या भाषेतून सूट, अशा सवलती मिळतात. महाराष्ट्रात १९९६ पासून अशा सवलती मिळू लागल्या, देशाचा कायदा यायच्या वीस वर्षं आधी. मुंबईत सायनच्या महापालिका रुग्णालयात यासाठी वेगळं क्लिनिक चालतं. सवलत जुनी आहे, पण ती मुंबई-पुण्याच्या इंग्रजी शाळांना जितकी माहीत आहे तितकी तुमसर, पवनी, लाखांदूरला माहीत नाही.

कागद कसा मिळतो, त्याचा क्रम २०१८ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेत घालून दिला होता. शिक्षकांनी तिसरीत किंवा आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा, मुलाची प्राथमिक पडताळणी करायची. मग बालरोगतज्ज्ञ डोळे, कान, मज्जासंस्था तपासणार. मग मानसशास्त्रज्ञ बुद्ध्यांक काढणार. तो ८५ च्या वर असेल, तरच पुढची, म्हणजे वाचन-लेखन-गणिताची खास चाचणी. त्यासाठी बंगळुरूच्या निम्हान्सची चाचणी ठरवून दिली.

८५ ही अट का? मूल वाचनात मागे आहे ते एकूण समजच कमी असल्यामुळे की फक्त वाचनाच्या अडचणीमुळे, हे वेगळं करायचं म्हणून. हेतू वाईट नाही. अडचण खालच्या बाजूला आहे. ७० च्या खाली बौद्धिक दिव्यांगता धरतात, ८५ च्या वर अध्ययन अक्षमतेचा रस्ता उघडतो. मधल्या मुलाला शाळेच्या भाषेत ‘स्लो लर्नर’ म्हणतात आणि त्याच्या हातात काहीच पडत नाही.

आता हा बुद्ध्यांक काढतात कशाने? अधिसूचनेत दोन नावं होती: अमेरिकेची वेक्सलर चाचणी आणि मालिन यांची चाचणी. ही दुसरी आपल्या शेजारची आहे. डॉ. आर्थर मालिन यांनी वेक्सलरची चाचणी भारतीय मुलांसाठी बदलून घेतली ती नागपुरात, इथून साठेक किलोमीटरवर. तिची पुस्तिका १९६९ ची. त्याही आधी, १९३४ मध्ये, धारवाडला व्ही. व्ही. कामत यांनी बिने चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी उतरवली होती. परदेशी प्रश्न आपल्या मुलांना तसेच्या तसे विचारू नयेत, हे या दोघांना तेव्हा कळलं होतं. मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण १९६९ ची मुलं आणि आजची मुलं यांत अर्धशतकाहून जास्त अंतर आहे. आणि मालिन यांची चाचणी मराठी, हिंदी, इंग्रजीत चालते. आपल्या घरात बोलतात ती भाषा यातली नेमकी कोणती?

मालिन चाचणीचे दोन भाग असतात. तोंडी भागात सामान्य माहिती, समज, गणित, साम्य ओळखणं, शब्दांचे अर्थ, आकडे लक्षात ठेवणं. कृतीच्या भागात चित्रातलं काय कमी आहे ते सांगणं, ठोकळ्यांची नक्षी, तुकडे जुळवणं, चिन्हांची नक्कल, भूलभुलैया. दोन्हींची सरासरी म्हणजे एकूण बुद्ध्यांक. समजा एका मुलाला कृतीत ९६ मिळाले. ठीकठाक मूल आहे. तोंडी भागात भाषेने त्याचा घात केला आणि ७० मिळाले. सरासरी ८३. झालं! ८५ ला दोन कमी. निम्हान्सच्या चाचणीपर्यंत तो पोचणारच नाही. ९६ आणि ७० मधली ही दरी खरं तर ओरडून सांगते आहे की इथे काहीतरी बघा. सरासरी ती दरी बुजवून टाकते.

माझ्या भाच्याच्या बाबतीत हेच झालं. घरी आमची नेहमीची बोली, निम्मी हिंदी, निम्मी उर्दू, मध्येच वऱ्हाडी-झाडीचा शब्द. शाळा मराठी. तिसरीपर्यंत त्याला जोडाक्षर वाचता येईना. एका मोठ्या शहरातल्या खासगी केंद्रात चाचणी झाली, एका बैठकीत, भरभर मराठीत. खऱ्या चाचणीतले प्रश्न जाहीर सांगायचे नसतात, नाहीतर चाचणीच बाद होते, म्हणून मी माझं उदाहरण देतो. ‘उशी म्हणजे काय?’ असं विचारलं तर तो गप्प बसेल. ‘तकिया क्या होता है?’ विचारा, तो त्यातला कापूस कुठून आणतात इथपासून सुरू करेल. अहवालात एकच ओळ आली: बुद्ध्यांक सीमारेषेवर, मंद गतीने शिकणारा. बहिणीने दोन्ही भागांचे गुण वेगळे मागितले, ते मिळाले नाहीत. वर्षभराने दुसरीकडे पुन्हा चाचणी केली. वर्षभर थांबलो, कारण लगेच केली तर सरावानेच गुण वाढतात. या वेळी ताईंनी सूचना हिंदीत दिल्या, उत्तर कुठल्याही भाषेत चालेल म्हणाल्या, आणि दोन दिवसांत विभागून चाचणी घेतली. एकूण आकडा ८५ च्या बराच वर गेला. पुढची चाचणी झाली आणि डिस्लेक्सिया निघाला.

दोन्ही वेळा मूल तेच होतं.

हा घोळ फक्त आपल्या नशिबी आलेला नाही. पॅरिसमध्ये १९०५ साली आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी पहिली चाचणी केली ती शाळेत जादा मदत कोणाला हवी हे शोधायला. पुढे अमेरिकेत हीच साधनं मुलांना बाजूला काढायला वापरली गेली. कॅलिफोर्नियात काळ्या मुलांना बुद्ध्यांकाच्या जोरावर ‘मंदबुद्धी’ वर्गांत बसवत. काही पालक कोर्टात गेले. १९७९ मध्ये न्यायाधीश रॉबर्ट पेकहॅम यांनी या कामासाठी काळ्या मुलांवर बुद्ध्यांक चाचण्या वापरण्यावर बंदी घातली. ‘लॅरी पी.’ खटला म्हणून तो ओळखला जातो. मला मात्र बंदी नको आहे. आपल्याकडे चाचणी जास्त होते ही तक्रारच नाही, ती होतच नाही ही तक्रार आहे.

कारण उलटी चूकही तितकीच होते आणि ती आपणच करतो. ‘उर्दू मीडियमचा आहे, मराठीत कच्चा राहणारच.’ ‘इकडे उजवीकडून लिहितो, तिकडे डावीकडून, म्हणून अक्षरं उलटी काढतो.’ दोन दिशांच्या लिप्या शिकल्याने डिस्लेक्सिया होत नाही. जगभर लाखो मुलं दोन लिप्या शिकतात आणि व्यवस्थित वाचतात.

इथे मदरशातल्या उस्तादांकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. नूरानी कायदा शिकवणाऱ्याला कळतं की अमुक मुलगा सूरह ऐकून पाठ करतो, बिनचूक म्हणतो, पण मधल्याच आयतीवर बोट ठेवलं की अडतो. पाठांतर उत्तम, वाचन नाही. घरचे त्याच्या पाठांतरावर खूश असतात आणि शाळेतल्या नापासाला आळस म्हणतात. दुसरी खूण लिपीतच आहे. कुरआनात जेर-जबर-पेश छापलेले असतात, म्हणजे स्वर डोळ्यांना दिसतात. उर्दूच्या पाठ्यपुस्तकात ते बहुधा नसतात, अंदाजाने भरावे लागतात. शिवाय अक्षर शब्दात कुठे येतं त्यावर त्याचा आकार बदलतो, आणि नुक्ता खाली की वर यावर अक्षरच बदलतं. मराठीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहितात आणि नंतर उच्चारतात. प्रत्येक लिपीत मूल वेगळ्या जागी ठेचकाळतं.

म्हणून तज्ज्ञाकडे जाण्याआधी घरी एवढं बघा. मूल घरच्या भाषेत गोष्ट नीट सांगतं का? ‘काम’मधला ‘क’ काढला तर काय उरतं, अशा खेळात अडखळतं का? फक्त शाळेच्या भाषेतच मागे असेल, तर आधी भाषेवर काम करा. तोंडी चांगलं आहे पण ज्या ज्या लिपीत वाचायला बसतं त्या सगळीकडे अडतं, तर चाचणी लवकर करून घ्या. यावरून निदान होत नाही. कुठे जायचं तेवढं कळतं.

चाचणीआधी चष्मा आणि कान तपासायलाच हवेत. आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेल आहे. त्याचा परिणाम मेंदूच्या रक्तपुरवठ्यावर आणि मग लक्ष देण्यावर होऊ शकतो. घरात कोणाला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि मोबाईलवर ‘पाच मिनिटांत बुद्ध्यांक’ सांगणारी ॲप्स काढून टाका. तसली ॲप्स कशी बनतात ते मी जवळून बघतो. त्यामागे कोणत्याही मुलांचं मोजमाप नसतं.

केंद्रात गेल्यावर विचारायला लाजू नका. कोणती चाचणी घेणार? कोणत्या भाषेत? सूचना घरच्या भाषेत द्याल का? तोंडी आणि कृतीचे गुण वेगळे लिहून द्याल का? साधनं आहेत. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये ‘डाली’ नावाची डिस्लेक्सियाची चाचणी आणली. ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत होती. मराठी शाळेतल्या मुलाला ती लागू पडते. त्या चार भाषांत उर्दू नव्हती. उर्दू शाळेत पहिलीपासून शिकलेल्या मुलीचं वाचन कशाने मोजायचं, हा प्रश्न आपण लेखी विचारला पाहिजे. कायद्याचं कलम १६ शाळांना सांगतं की मुलांमधली अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखा. कलम १७ दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांचं सर्वेक्षण करायला सांगतं. शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाच्या यादीतही अध्ययन अक्षमता आहे. पथक आलं की वजन-उंची-दात यांवर न थांबता हेही विचारा. गट साधन केंद्रातले विशेष शिक्षक तर हक्काचे आहेत.

शेवटी एक प्रश्न, जो सभेत कोणी विचारत नाही पण नंतर बाजूला घेऊन विचारतात: ‘भाईजान, मुलीच्या कागदावर दिव्यांग आलं तर रिश्ता कसा जमेल?’ यामुळे मुली मागे राहतात. त्या वर्गात दंगा करत नाहीत, म्हणून बाईंच्या डोळ्यांत येत नाहीत, आणि घरी हे कारण. तर ऐका. हा कागद सवलत मागायची असेल तेव्हाच दाखवायचा असतो. दाखल्यावर किंवा गुणपत्रिकेवर तो चिकटवून फिरायचा नसतो. २०१८ च्या नियमांत प्रमाणपत्र आठव्या वर्षापासून होतं, आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी. ४० टक्क्यांच्या आत भरली म्हणून लेखनिक मिळणारच नाही, असं कोणी सांगितलं तर २०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा विकास कुमार निकाल त्यांच्यासमोर ठेवा. लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अट लावता येत नाही, असं त्यात म्हटलं आहे.

ज्यांची मुलं दुसरी-तिसरीत आहेत त्यांनी गेल्या दोन वर्षांच्या वह्या जपून ठेवा, रद्दीत घालू नका. तपासणीला जाताना मुलाच्या आधी डॉक्टर त्या मागतील. ज्यांनी आज वह्या आणल्या आहेत त्यांच्यासाठी आपल्या दोन विशेष शिक्षिका बाजूच्या खोलीत बसल्या आहेत, त्यातल्या एक उर्दू वाचतात. दहावीच्या मुलांच्या आई-वडिलांनी आधी जा, तुमच्याकडे वेळ कमी आहे.